तेवढीच बीजं का आली?

प्रस्तावना

"रोज ठरल्या वेळी इंजेक्शन घेतलं, एक दिवस चुकवला नाही, तरी बीजं तीनच कशी निघाली?" मूल होण्यासाठीच्या उपचारांत हा प्रश्न मी पुन्हा पुन्हा ऐकला आहे. विचारणारीने बहुतेक वेळा उत्तर आधीच मनाशी पक्कं केलेलं असतं: चूक माझीच. चतुर्थीचा उपास सोडला नाही म्हणून, ऑफिसात दगदग झाली म्हणून, मनातून भीती वाटत होती म्हणून. शेजारच्या खाटेवरच्या बाईची चौदा बीजं निघाल्याचं त्याच सकाळी तिच्या कानावर आलेलं असतं. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना काय सांगायचं, हेही तिला अजून सुचलेलं नसतं.

या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला वेळ लागतो आणि ओपीडीत तो नसतो. म्हणून हे पुस्तक लिहिलं. हॉर्मोनची औषधं दिल्यावर अंडाशय कसा प्रतिसाद देतो, एकीत तो जोरात आणि दुसरीत मंद का असतो, आणि डॉक्टरच्या हातात त्यातलं किती असतं, एवढाच त्याचा विषय आहे. गर्भ रुजण्याचे प्रश्न, गर्भपात, सरोगसी हे सगळं मी मुद्दाम बाहेर ठेवलं. बीजांच्या संख्येपाशी जेवढं दुःख आणि जेवढा गैरसमज साचलेला मी पाहिला, तेवढा उपचाराच्या दुसऱ्या कुठल्याही टप्प्यावर पाहिला नाही.

मुलीच्या अंडाशयातला बीजांचा साठा ती जन्माला येण्याआधीच भरलेला असतो. आईच्या पोटात ती पाच महिन्यांची होते तेव्हा हा साठा ६० ते ७० लाखांपर्यंत जातो आणि तिथूनच ओसरू लागतो. जन्मावेळी १० ते २० लाख उरतात, पहिल्या पाळीच्या सुमाराला ३ ते ४ लाख. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम ४०० ते ५००. बाकीची सगळी आतल्या आत विरून जातात. पाळी नियमित असो वा नसो, बाई गरोदर असो, गर्भनिरोधक गोळ्या घेत असो, ही गळती थांबत नाही. पाळी जाते तेव्हा हजारभर बीजं शिल्लक असतात आणि तीही कामाची राहिलेली नसतात.

झोपलेलं बीज जागं होऊन पूर्ण पिकायला महिन्यामागून महिने जातात. त्या प्रवासाचा बराचसा भाग मेंदूतून येणाऱ्या हॉर्मोनवर अवलंबून नसतो. शेवटचे दोन आठवडे मात्र असतात. पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी केली की दोन्ही अंडाशयांत मिळून दोन ते दहा मिलिमीटरची काही फॉलिकल दिसतात. फॉलिकल म्हणजे बीज ज्यात वाढतं ती पाण्याची इवली पिशवी. कुणाच्या अंडाशयांत अशी चार दिसतील, कुणाच्या पंधरा, कुणाच्या तीस. ही त्या महिन्याची तुकडी. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी पाळीच्या सुरुवातीला एफएसएच नावाचं हॉर्मोन थोडं वाढवते आणि तुकडी वाढीला लागते. वाढणारी फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करतात. ते रक्तातून पिट्युटरीपर्यंत पोहोचलं की पिट्युटरी एफएसएच कमी करते. त्या कमी झालेल्या एफएसएचवरही तग धरू शकतं असं एखादंच फॉलिकल असतं. ते पुढे जातं, १८ ते २० मिलिमीटरचं होऊन फुटतं. बाकीची सुकतात.

शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला मी हे असं सांगतो: वाफ्यात रोपं बरीच उगवली आहेत, पण पाटाला पाणी एवढंच सोडलंय की एकच रोप जगेल. इंजेक्शन म्हणजे पाटाचं पाणी आणखी आठ-दहा दिवस चालू ठेवणं. मग जी सुकणार होती तीही जगतात. पण बी पडलंच नव्हतं तिथे कितीही पाणी सोडलं तरी काही उगवत नाही.

पुस्तकात पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी या एका मुद्द्याभोवती फिरतात. औषध नवं बीज तयार करत नाही आणि पुढच्या महिन्याचं बीज आज ओढूनही आणत नाही. त्यामुळे "एवढी इंजेक्शनं घेतली तर बीजं लवकर संपतील आणि पाळी लवकर जाईल" ही भीतीही निराधार आहे. जी बीजं आपण काढतो ती या महिन्यात नाही तरी मेलीच असती. तुकडीत चारच फॉलिकल असतील तर डोस दुप्पट करून आठ होत नाहीत. युरोपातल्या वंध्यत्व-तज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे ईश्रेने, २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की कमी प्रतिसाद देणाऱ्या स्त्रियांना रोज ३०० युनिटच्या वर डोस देण्याची शिफारस करता येत नाही. तरीही ४५० युनिटची प्रिस्क्रिप्शनं घेऊन दुसऱ्या मतासाठी आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यासाठी दागिने गहाण पडलेले असतात. डोस वाढतो तसा खर्च वाढतो आणि "जास्त औषध म्हणजे जास्त प्रयत्न" असं कुटुंबालाही वाटत राहतं. हे औषध तसं वागत नाही, हे सांगायला डॉक्टरने वेळ काढलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

ही औषधं आली कुठून, याचा इतिहास मी एका पूर्ण प्रकरणात दिला आहे. तो गंमत म्हणून दिलेला नाही. आजच्या उपचारातली जवळजवळ प्रत्येक सवय कुठल्यातरी जुन्या अडचणीतून आलेली आहे.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये सेल्मार आशहाइम आणि बर्नहार्ड झोंडेक यांनी गरोदर स्त्रीच्या लघवीत अंडाशयाला चेतवणारं द्रव्य असतं हे दाखवलं आणि त्यातून उंदरांवर करायची गर्भचाचणी निघाली. झोंडेक ज्यू होते. हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली आणि पुढे ते जेरुसलेमला स्थायिक झाले. पाळी गेलेल्या स्त्रीच्या लघवीत एफएसएच आणि पिकलेलं बीज बाहेर पडायला लावणारं एलएच ही दोन्ही हॉर्मोन भरपूर असतात. अंडाशय थकलेला असतो, त्याच्याकडून इस्ट्रोजेनचा निरोप येत नाही, म्हणून पिट्युटरी जोर लावत राहते. १९४९ च्या सुमाराला इटलीत सेरोनो कंपनीच्या पिएरो डोनिनी यांनी अशा लघवीतून ही हॉर्मोन शुद्ध करून काढली. पण औषध म्हणून बनवायचं तर शेकडो वृद्ध स्त्रियांची लघवी रोज हवी, आणि त्यात एकही गरोदर स्त्री असून चालणार नाही. त्या अटीत बसणारी जागा इटलीत एकच होती: वृद्ध जोगिणींचे मठ. कंपनीच्या संचालक मंडळावर पोप बारावे पायस यांचे पुतणे होते, त्यांच्यामार्फत मठांची दारं उघडली. ब्रुनो लुनेनफेल्ड या तरुण डॉक्टरने हा आग्रह लावून धरला होता, आणि या औषधाने १९६२ मध्ये पहिलं मूल जन्मलं ते इस्रायलमध्ये. ज्यांनी संसारच मांडला नाही अशा म्हाताऱ्या जोगिणींनी दिलेल्या द्रव्यावर जगभरातले हजारो पाळणे हलले. मला हा वैद्यकाच्या इतिहासातला अतिशय सुंदर भाग वाटतो.

स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी वेगळी वाट घेतली. १९५८ मध्ये त्यांनी मृत माणसांच्या पिट्युटरी ग्रंथीतून काढलेलं एफएसएच वापरून अंडाशय जागे करून दाखवले. ते औषध गुणकारी होतं. पुढे अशा पिट्युटरी हॉर्मोनमधून मेंदूचा क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा जीवघेणा आजार पसरल्याचं लक्षात आलं, ऑस्ट्रेलियात त्याने बळी गेले, आणि ती वाट कायमची बंद झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यावर तिसरी वाट निघाली. चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातल्या पेशींत मानवी एफएसएचचं जनुक घालून प्रयोगशाळेत ते हॉर्मोन तयार होऊ लागलं. पेन घेऊन स्वतःच पोटावर टोचायची जी इंजेक्शनं आज मिळतात त्यांतली अनेक अशी बनतात. लघवीतून शुद्ध केलेली औषधंही आपल्याकडे भरपूर वापरली जातात आणि ती स्वस्त पडतात. दोन्हींची तुलना करणाऱ्या मोठ्या अभ्यासांत जिवंत मूल घरी येण्याच्या प्रमाणात फारसा फरक दिसलेला नाही. महागडं घेता आलं नाही म्हणून हळहळणाऱ्या जोडप्याने एवढं लक्षात ठेवावं.

गोळ्यांची कथा निराळी. क्लोमिफीन ही गोळी १९६१ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ग्रीनब्लॅट यांनी स्त्रियांवर वापरून दाखवली. ती मेंदूला इस्ट्रोजेन दिसू देत नाही, त्यामुळे पिट्युटरी स्वतःच एफएसएच वाढवते. २००१ मध्ये टोरंटोत मितवल्ली आणि कॅस्पर यांनी लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध त्याच कामासाठी वापरलं. २०१४ मध्ये पीसीओएस (अंडाशयात लहान फॉलिकलची गर्दी होऊन पाळी लांबण्याचा विकार) असलेल्या स्त्रियांवरचा मोठा अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लेट्रोझोलने २७.५ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीनने १९.१ टक्के. आपल्या देशात मात्र २०११ मध्ये या कामासाठी लेट्रोझोलवर बंदी आली होती आणि ती उठायला काही वर्षं गेली. त्या काळात चांगली, स्वस्त गोळी हाताशी असून देता येत नव्हती, याची खंत माझ्या पिढीच्या अनेक डॉक्टरांना आहे.

आता कोलकाता आणि परळ. २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली ती अंडाशयाला कसलंही औषध न देता. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी यांनी आधीची काही वर्षं हॉर्मोन देऊन बीजं काढली होती, पण गर्भ टिकत नव्हते. हॉर्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर बिघडतं असा त्यांना संशय आला, म्हणून त्यांनी औषधं सोडली आणि नैसर्गिक पाळीतलं एकुलतं बीज पकडलं. लघवीतलं एलएच दिवसरात्र तपासून त्यांना वेळ साधावी लागली.

त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात एक मुलगी जन्मली. डॉ. सुभाष मुखर्जी, सुनीत मुखर्जी आणि सरोजकांती भट्टाचार्य यांनी तिच्या आईला लघवीतून काढलेली हॉर्मोन देऊन अनेक बीजं वाढवली, योनीमार्गाने ती काढली, तयार झालेले गर्भ गोठवून ठेवले आणि औषधांचा परिणाम सरल्यावर पुढच्या एका नैसर्गिक पाळीत गर्भाशयात सोडले. ओल्डहॅमच्या चमूला पडलेल्या प्रश्नाचंच हे दुसरं उत्तर होतं: औषध सोडू नका, गर्भाला थांबवा. राज्य सरकारने चौकशी समिती नेमली, समितीने दावा फेटाळला, परदेशातल्या परिषदेला जायची परवानगी नाकारली गेली. १९८१ मध्ये मुखर्जींची बदली डोळ्यांच्या संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली.

मुंबईत परळला केईएम रुग्णालय आणि जवळच असलेली प्रजनन संशोधन संस्था यांनी मिळून हे काम पुन्हा उभं केलं. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नातून ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा जन्मली. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. पुढे मुखर्जींच्या हस्तलिखित नोंदी आनंद कुमार यांच्या हाती आल्या. त्यांनी त्या तपासल्या आणि १९९७ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की पहिलेपणाचा मान मुखर्जींचा आहे. तो मान तोपर्यंत खुद्द आनंद कुमार यांच्या चमूकडे होता, हे लक्षात घेतलं तर त्या लेखाचं मोल कळतं. मराठी वैद्यकीय विद्यार्थ्यांना परळची कथा सांगताना हा लेख वाचायला द्यावा असं मला वाटतं.

मुखर्जींची पद्धत आज जगभर रोज वापरली जाते, आणि तिचा अंडाशयाच्या प्रतिसादाशी थेट संबंध आहे. प्रतिसाद जोरात आला की औषध घेतलेल्या पाळीत गर्भ सोडायचा नाही, सगळे गर्भ गोठवायचे आणि शरीर शांत झाल्यावर एकेक सोडायचा. यामागे गर्भाशयाच्या अस्तराची काळजी आहेच, त्याहून मोठी काळजी स्त्रीच्या जिवाची आहे.

कारण प्रतिसाद जास्त येणं हेही संकट आहे. बाहेर फक्त "चांगली पंचवीस बीजं आली" एवढंच बोललं जातं. बीजं शेवटची पिकावीत म्हणून ३४ ते ३६ तास आधी जे ट्रिगर इंजेक्शन देतात ते पूर्वी नेहमी एचसीजी या हॉर्मोनचं असायचं. ते शरीरात बरेच दिवस टिकतं. अंडाशयात भरपूर फॉलिकल असतील तर त्यांतून रक्तवाहिन्या झिरपायला लावणारी द्रव्यं सुटतात, पोटात पाणी साठतं, रक्त घट्ट होतं, लघवी कमी होते, क्वचित फुप्फुसाभोवती पाणी होतं किंवा रक्ताची गुठळी अडकते. याला ओएचएसएस म्हणतात. गर्भ रुजला तर तोही एचसीजी तयार करतो आणि आजार लांबतो. यातून स्त्रिया दगावलेल्या आहेत. निरोगी बाईला आपण औषध देऊन आजारी पाडतो, म्हणून मला या आजाराची सगळ्यांत जास्त धास्ती वाटते.

आणि तो आज बव्हंशी टाळता येतो. त्याची किल्ली १९७७ चं नोबेल मिळालेल्या एका शोधात आहे. रॉजर गिलमिन यांनी मेंढ्यांच्या आणि अँड्र्यू शॅली यांनी डुकरांच्या मेंदूचे लाखो तुकडे वाटून मेंदूतलं जीएनआरएच हे इवलं हॉर्मोन शोधलं. पिट्युटरीला हुकूम देणारं हॉर्मोन ते हेच. त्याच्यासारखी बनवलेली औषधं आधी वेगळ्या कामासाठी आली. फॉलिकल अनेक वाढली की इस्ट्रोजेन इतकं चढतं की एलएच वेळेआधीच उसळतं आणि बीजं हातची जातात. १९८० च्या दशकात यामुळे बरेच उपचार अर्ध्यावर सोडावे लागत. मग आधीच्या पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून पिट्युटरी निजवून ठेवायची लांबलचक पद्धत आली. २००० च्या सुमाराला जीएनआरएचला अडवणारी औषधं, म्हणजे अँटागोनिस्ट, आली, ती इंजेक्शनाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिली की भागतं. अँटागोनिस्ट पद्धतीत एक फायदा दडलेला होता: ट्रिगर म्हणून एचसीजीऐवजी जीएनआरएचसारखं काम करणारं औषध, म्हणजे अ‍ॅगोनिस्ट, देता येतं. त्याने बाईच्या स्वतःच्या पिट्युटरीतून एलएच उसळतं आणि लवकर ओसरतं. त्याला गर्भ गोठवण्याची जोड दिली की गंभीर ओएचएसएस अगदी विरळ होतो. २०१५ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी आणखी एक सोपी युक्ती मांडली. अँटागोनिस्टच्या इंजेक्शनाऐवजी रोज प्रोजेस्टेरॉनसारखी गोळी द्यायची. गर्भ गोठवायचेच असतील तर ती चालते आणि खर्च बराच वाचतो. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या बाईला चार टोचण्या कमी म्हणजे चार फेऱ्या कमी.

जोरात प्रतिसाद देणाऱ्यांत पीसीओएस असलेल्या मुली सगळ्यांत पुढे असतात. त्यांना पाळी महिनोन्‌महिने येत नाही, म्हणून घरात "हिला बीजच होत नाही" असा समज असतो. प्रत्यक्षात त्यांच्या अंडाशयात लहान फॉलिकलची गर्दी असते, पुढे जाणारं एक निवडलं जात नाही एवढंच. वजन जास्त असलेल्यांपैकी अनेकींना ते पाच-दहा टक्के उतरल्यावर इंजेक्शनाशिवाय पाळी येऊ लागते. ज्यांना इंजेक्शनं द्यावीच लागतात त्यांचा डोस कमी ठेवावा लागतो. अशा मुलीला "लवकर रिझल्ट हवा" म्हणून मोठा डोस देणं हा माझ्या मते निष्काळजीपणा आहे.

दुसऱ्या टोकाला कमी प्रतिसाद. इटलीतल्या बोलोन्याला जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलेली त्याची व्याख्या २०११ मध्ये प्रसिद्ध झाली: पुरेसा डोस देऊनही तीन किंवा त्याहून कमी बीजं हा तिचा एक निकष आहे. वय ४० च्या पुढे असेल तर हे अपेक्षितच असतं. अंडाशयाची शस्त्रक्रिया, एंडोमेट्रिओसिसची चॉकलेट सिस्ट, क्षयरोग, केमोथेरपी ही ओळखीची कारणं आहेत. पण एकतीस-बत्तीसच्या मुलीतही कधीकधी कारण न सापडता साठा लवकर ओसरलेला असतो. आई किंवा मावशीची पाळी लवकर गेली होती का, हे विचारलं की काही जणींत धागा सापडतो. अशा स्त्रियांच्या निराशेवर एक बाजार उभा राहिला आहे: ग्रोथ हॉर्मोन, डीएचईए, अंडाशयात रक्ताचा अर्क टोचणं. मार्गदर्शक सूचना यांतलं काहीही सरसकट वापरायला सांगत नाहीत. या उपायांवर मी वेगळं प्रकरण लिहिलं आहे. ज्यांचे पैसे यात गेले त्यांना दोष देण्याचा त्यात हेतू नाही. पुढच्या जोडप्याने निदान "याचा पुरावा काय?" असं विचारावं, एवढ्यासाठी ते लिहिलं.

एएमएच या तपासणीबद्दल थोडं सविस्तर सांगणं भाग आहे, कारण आज लग्न न झालेल्या मुलीही लॅबमधून तो आकडा काढून आणतात आणि रात्रभर झोपत नाहीत. एएमएच लहान फॉलिकलच्या भोवतालच्या पेशींतून येतं. त्यामुळे इंजेक्शनं दिली तर साधारण किती बीजं येतील हे त्यावरून आणि सोनोग्राफीतल्या मोजणीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. पण घरी, आपसूक दिवस राहतील का, हे त्यावरून सांगता येत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात ३० ते ४४ वयाच्या, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या सुमारे ७५० स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं एएमएच कमी होतं त्यांना दिवस राहण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी निघालं नाही. दर महिन्याला बीज एकच लागतं. ते चारांतून निवडलं गेलं की चौदांतून, याने त्या महिन्यापुरता फरक पडत नाही.

बीज चांगलं की नाही, हे मुख्यतः वय ठरवतं. चाळिशीनंतर तयार होणाऱ्या गर्भांत निम्म्याहून अधिकांत गुणसूत्रांचा हिशेब चुकलेला असतो. म्हणून एकोणतीस वर्षांच्या मुलीची चार बीजं आणि बेचाळीस वर्षांच्या बाईची चार बीजं, आकडा एकच असून दोघींना देता येणारी आशा वेगळी असते. संख्येचा उपयोग आहेच, कारण वाटेत गळती होते. साधारण दहा बीजं काढली तर सात-आठ पिकलेली निघतात, त्यांतली पाच-सहा फळतात, आणि पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीन गर्भ टिकतात. ब्रिटनमधल्या चार लाख उपचारांच्या नोंदी तपासून २०११ मध्ये असं दिसलं की बीजं पंधरापर्यंत वाढली तर मूल होण्याची शक्यता वाढत जाते आणि वीसच्या पुढे ती उलट उतरते. तो अभ्यास ताज्या गर्भाच्या काळातला होता, गोठवण्याने चित्र थोडं बदललं आहे. तरी सुरक्षित आणि पुरेसा प्रतिसाद कुठे असतो याचा अंदाज त्यातून येतो. डोस मोजूनमापून ठरवण्याचा फार डंका पिटला जातो, पण नेदरलँड्समधल्या २०१७ च्या मोठ्या अभ्यासात, फॉलिकल मोजून डोस कमीजास्त केल्याने घरी येणाऱ्या मुलांची संख्या वाढली नाही. जास्त प्रतिसाद येण्याची शक्यता असलेल्यांत डोस कमी ठेवल्यावर ओएचएसएसचा धोका मात्र घटला. डोस ठरवताना पहिला विचार तिच्या सुरक्षिततेचा का असावा, हे यात आलं.

जी बाई इंजेक्शनं घेते, दोष तिच्यातच असतो असंही नाही. १९९२ मध्ये ब्रुसेल्सहून इक्सी ही पद्धत जगापुढे आली. एकच शुक्राणू सुईने बीजात सोडायचा. तेव्हापासून नवऱ्याचे शुक्राणू अगदी कमी असले तरी मूल होऊ शकतं. पण त्यासाठी दहा दिवस पोटावर टोचून घेते ती बायको, भूल घेऊन टेबलावर झोपते तीही बायकोच. आणि घरात बोलणी खाते ती पुन्हा तीच. वीर्याची तपासणी स्वस्त आहे, तासाभराची आहे. ती झाल्याशिवाय बाईला एकही हॉर्मोन देऊ नये, हा नियम मी पाळतो, आणि तो प्रत्येक सासूबाईंनी आणि प्रत्येक मामंजींनी ऐकावा म्हणून पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात मांडला आहे.

कायद्याचा उल्लेख थोडक्यात. सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बीजदाती २३ ते ३५ वयाची असावी, तिने आयुष्यात एकदाच बीजं द्यावीत आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत, असं तो सांगतो. गरीब मुलींच्या अंडाशयांना बेसुमार औषधं देऊन पंचवीस-तीस बीजं काढण्याचे प्रकार ज्यांनी पाहिले त्यांना या कलमामागचा हेतू पटतो. मलाही पटतो. अडचण अशी की तरुण, निरोगी अंडाशयाचा प्रतिसाद सातवर नेमका थांबवणं कुणाच्याच हातात नाही. मर्यादा डोसवर, ट्रिगरच्या निवडीवर आणि नंतरच्या देखरेखीवर असती तर त्या मुलीचं रक्षण अधिक नीट झालं असतं, असं माझं मत आहे.

भारतातली पहिली मान्य टेस्ट ट्यूब बेबी महापालिकेच्या रुग्णालयात जन्मली. आज हा उपचार बहुतांशी खासगी आहे. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात २०२३ मध्ये तो मोफत सुरू झाला. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात तो मिळावा, ही मागणी मी इथे मुद्दाम नोंदवतो. साठा ओसरत चाललेल्या बाईला पैसे जमवण्यात गेलेली दोन वर्षं परत मिळत नाहीत.

पुस्तक वाचण्याबद्दल दोन-तीन सूचना. उपचार सुरू व्हायचा असेल तर आधी दुसरं आणि पाचवं प्रकरण वाचा, इतिहास नंतर वाचला तरी चालेल. पोट फुगणं, श्वास लागणं, लघवी कमी होणं या लक्षणांचं पान वेगळ्या रंगात छापलं आहे, ते घरातल्या आणखी एका माणसाला वाचायला द्या. औषधं मूळ नावांनी दिली आहेत, कंपन्यांनी ठेवलेली नावं टाळली आहेत. डोस कुठेच छापलेले नाहीत. एका बाईच्या फाइलवरचा डोस दुसरीने मागून घेतल्याने, आणि डॉक्टरने तो दिल्याने, झालेलं नुकसान मी पाहिलं आहे. तुमचा आकडा तुमच्या सोनोग्राफीवरून, तुमच्या वयावरून आणि मागच्या वेळच्या प्रतिसादावरून तुमच्या डॉक्टरने ठरवायचा. तो त्यांनी कसा ठरवला, हे विचारायचे प्रश्न पाचव्या प्रकरणाच्या शेवटी दिले आहेत.